ल चा ळ

दगड आला तो ८ ऑगस्ट २०२३ला, कपाशीच्या फवारणीच्या ऐन गर्दीत. छोटा हत्तीमध्ये जुन्या पोत्यांवर आडवा टाकून आणलेला काळा ग्रॅनाइट. दुसऱ्या दिवशी 'माझी माती माझा देश'चा कार्यक्रम होता. त्या दिवसांत देशभरच्या ग्रामपंचायतींत असे शिलाफलक लागत होते. वर ठरलेला मजकूर, खाली त्या त्या गावच्या वीरांची नावं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या फलकावर नाव एकच होतं, माझ्या मोठेबाबांचं. म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं.

बाबांना मुद्दाम बोलावून आणलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी खाली वाकून बोटानंच अक्षरं चाचपली. सोनेरी रंग पुरता वाळला नव्हता, बोटाला लागला. पहिलं नाव बरोबर. आजोबांचं नाव बरोबर. आडनावावर बोट थांबलं.

"हा कोन होय बाप्पा?"

आमचं आडनाव 'ळे'नं संपतं. दगडावर 'ले' होतं. (आडनाव इथं लिहीत नाही, गावात आमचं एकच घर आहे.) आणि खाली साल कोरलं होतं १९६५.

"पासष्टात थो पंधरा वर्साचा होता," बाबा म्हणाले. "माह्यासंगं बोरं तोडे."

कार्यक्रम झाला तसाच. मातीचे दिवे हातात घेऊन शपथ झाली, फोटो निघाले, रोपं लागली. सरपंचांनी बाबांना शाल-नारळ दिला. चारचौघांत नको कसं म्हणायचं, म्हणून बाबांनी घेतला. घरी येऊन नारळ देवाजवळ ठेवला आणि शाल घडीसुद्धा न मोडता माझ्या हातात दिली. "ज्याचं नाव लिवलं हाय त्याले देऊन दे," म्हणाले.

माझं काम सांगतो, म्हणजे मला या प्रकरणाची लाज जास्त का वाटली ते कळेल. मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा, सातबारा. यातलं अर्धं काम नावं जुळवण्याचंच असतं. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. मराठी नाव इंग्रजीत टाकलं की ळ चा 'एल' होतो, आणि तो 'एल' परत मराठीत आला की ल होऊनच येतो. हे मशीन करतं असं आपण म्हणतो, पण बटण दाबणारा हात माझाच. रोज दहा-पाच ळ मी स्वतः मारतो. शेतकरी म्हणतो, "भौ, आडनाव चुकलं." मी म्हणतो, "चालते काका, माणूस तर तोच आहे ना?"

फलकावरच्या नावांची यादी जिथून आली होती तिथं मी तीन चकरा मारल्या. एकदा साहेब मीटिंगला होते, एकदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्यांदा समोरच्या बाबूनं यादी उघडून दाखवली. सगळी इंग्रजीत, साल टाकणाऱ्यानं अंदाजानं टाकलेलं. मी ळ बद्दल बोललो तर तो सहज म्हणाला, "माणूस तर तोच आहे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमचे ग्रामसेवक साताऱ्याकडचे, माणूस सरळ. ते म्हणाले, "दगड बदलून देतो, खर्चाचं बघू. पण लेखी काहीतरी आणा. साल तरी कशावरून बदलायचं? ग्रामसभेत ठराव घेतो, त्याला कागद जोडायला हवा."

आता ५२ वर्षांपूर्वी गेलेल्या, एकविसाव्या वर्षी गेलेल्या, लग्न न झालेल्या पोराचा कागद कुठून आणायचा? आधार नाही, मतदार यादी नाही (तेव्हा मताचं वयच २१ होतं), जमीन त्याच्या नावावर कधी चढली नाही. घरात एक फोटो आहे. बेळगावच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला धबधबा, तिरकी टोपी, मिशी नुकतीच फुटलेली. माझ्या लहानपणापासून त्याला चंदनाचा हार आहे. माझी चाळिशी उलटली आहे आणि मी त्या पोरसवदा चेहऱ्याला मोठेबाबा म्हणतो.

खरं सांगायचं तर त्या फोटोपलीकडे मला काहीच माहीत नव्हतं. गावात म्हणायचे, काश्मीरला गेला. शाळेत असताना १५ ऑगस्टच्या भाषणात मीही तेच ठोकून दिलं होतं, वर बर्फही घातला होता.

आजीची ट्रंक माळ्यावर होती. ही ट्रंक मुळात मोठेबाबांचीच. १९७२च्या उन्हाळ्यात पलटणीकडून आली, शकुंतला रेल्वेनं, दारव्हा मोतीबाग स्टेशनवर. शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी नॅरोगेज, आता बंद पडलेली. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर चालायची. आजोबा बैलगाडी घेऊन ट्रंक आणायला गेले, बाबा सोबत होते. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. मग १९७९मध्ये आत्याच्या लग्नात नवी ट्रंक घ्यायला पैसे नव्हते, म्हणून हीच हिरवी रंगवली आणि वर कमळ काढलं. आत्या वर्षभरानं परत घेऊन आली, म्हणे तिला त्यात लुगडी ठेववेनात. मी ब्लेडनं एक कोपरा खरवडून पाहिला. हिरव्यासोबत खालचा पांढराही निघून आला आणि उघडा पत्रा दिसला.

आत अर्ध्याहून जास्त उधईनं खाल्लं होतं. मोठेबाबा गेल्याची तार सापडली नाही. पेन्शनचं पुस्तक होतं, त्याच्या कडा कुरतडलेल्या. एक अंतर्देशीय पत्र, घडीवर फाटलेलं. कागदाच्या पुडीत पितळी रंगाचं पाच टोकांचं एक पदक. आणि आजीची चंची. आजी १९९८ साली गेली, पण चंचीला काताचा आणि लवंगेचा वास अजून होता. तिच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, जिथं ती सुपारी ठेवायची, तिथं दुसरं पदक निघालं. गोल, रुपयापेक्षा मोठं, रिबन विटून दोऱ्यासारखी झालेली. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पेन्शनसाठी तालुक्याला जाताना ते तिच्या कमरेला असायचं. बाबांनाही हे माहीत नव्हतं. ते पदक हातात घेऊन बराच वेळ नुसते उलटं-पालटं करत बसले, मग म्हणाले, "मले वाटे बुढी सुपारी चाचपून राह्यली."

लाडखेडच्या पुढं एका गावी एक निवृत्त सुभेदार राहतात, मराठा लाइट इन्फंट्रीचे. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोल मेडलची कड पाह्यली का? कडीवर नंबर असते."

कड पाहिली तर काळीशार. पन्नास वर्षांचा कात बसलेला. बाबा चिंच घेऊन घासायला निघाले होते, सुभेदार फोनवर ओरडले, "चिंच लावू नका, कपड्यानं पुसा फक्त." पुसलं. बोटाला काहीतरी खरखरीत लागायचं, पण डोळ्यांना दिसेना. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, भिंग लावलं, तरी नाही. तेवढ्यात बायको भाकरी थापत होती ती उठून आली. पदक माझ्या हातातून घेतलं, परातीतल्या ज्वारीच्या पिठात त्याची कड चाकासारखी फिरवली आणि वरचं पीठ अंगठ्यानं हलकेच निपटून टाकलं. खाचांमध्ये पीठ राहिलं. काळ्या कडेवर पांढरी अक्षरं उभी राहिली. सात आकडे, मग एस-ई-पी म्हणजे सिपाही, मग नाव. सगळं इंग्रजीत, एका ओळीत, कडेभोवती वळत गेलेलं. आडनावात अर्थात 'एल'.

बायको परत चुलीकडे गेली. तव्यावरची भाकरी करपली होती.

पुढच्या रविवारी मी आणि बाबा सुभेदारांकडे गेलो. ते १९७१ नंतर भरती झालेले, पण जुन्या लोकांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी बाबांना आधी खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले, पदक दोन्ही हातांत घेतलं. "सत्तावीसनं सुरू होऊन राह्यला ना नंबर, म्हणजे मराठाच." मग दोन्ही पदकं टेबलावर ठेवून समजावलं. गोल पदक म्हणजे संग्राम मेडल, १९७१च्या लढाईसाठीचं. पाच टोकांचा स्टार मात्र दोन प्रकारचा होता. जे पश्चिमेच्या आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार, जे पूर्वेकडे होते त्यांना पूर्वी स्टार. आमच्या स्टारवर देवनागरीत स्पष्ट लिहिलं होतं, पूर्वी.

"काश्मीर कोनं सांगतलं तुमाले?" त्यांनी विचारलं. बाबा माझ्याकडे पाहायला लागले.

मग मी पत्र काढलं. सुभेदारांनी मजकूर वाचायच्या आधी मागचा पत्ता पाहिला. गाव नाही, जिल्हा नाही. नंबर, पलटण आणि शेवटी मार्फत ९९ ए.पी.ओ. "हे पाहा. ५६ असलं तर काश्मीर, पंजाब तिकडचं. ९९ म्हणजे पूर्वेकडचं. फौजीले जागेचं नाव लिवता येत नाही, पन टपालाचा नंबर सांगून देते."

पत्र १४ नोव्हेंबर १९७१चं होतं. लढाई ३ डिसेंबरला जाहीर सुरू झाली, त्याच्या जवळपास तीन आठवडे आधीचं. आमच्या घरात ते किती वर्षांत कोणी वाचलं नव्हतं कोण जाणे. आजीला वाचता यायचं नाही, आजोबांनी वाचून दाखवलं असेल. आता मी मोठ्यानं वाचलं. "इकडे पाणी फार आहे. जिकडे पहावे तिकडे तळे व धान. आपल्या वावरातली धूळ पाहून किती दिवस झाले. कपाशीचा पहिला वेचा झाला काय ते कळविणे. ढवया विकू नये. तीस रुपये मनीऑर्डर केली आहे. धाकट्याने इंग्रजीचा अभ्यास करावा, इकडे इंग्रजीवाचून अडते." खाली फक्त पहिलं नाव, आडनाव नाहीच. म्हणजे पुरावा म्हणून पत्र बाद.

बैलाचं नाव 'ढवया' असंच लिहिलं आहे. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

बाबांनी विचारलं, "ढवया विकला होता का रे मंग?" असं मलाच विचारलं, मी १९७९चा. मग स्वतःच म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्कायात विकला. चारा कोठी होता."

नंबर हातात आला म्हटल्यावर सुभेदारांनी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाचं सांगितलं. इंडिया गेटजवळ, २५ फेब्रुवारी २०१९ला खुलं झालेलं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं तिथं त्याग चक्रात ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत. उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. वेबसाइटवरही शोधता येतात. घरी आल्यावर केंद्र उघडलं. आधी सवयीनं आमच्या आधारच्या स्पेलिंगनं शोधलं, नाही मिळालं. मग पदकाच्या कडेवरचं स्पेलिंग एकेक अक्षर पाहून टाकलं. मिळालं. नंबर ताडून पाहिला, तोच.

साडेचार वर्षं ते नाव तिथं होतं. आणि मी रोज सकाळी नऊला इंटरनेट चालू करून लोकांचे दाखले काढत बसलो होतो, एकदाही शोधलं नव्हतं. यात सरकारला दोष देता येत नाही, कोणालाच देता येत नाही. बाबा पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. मागे पीक विम्यासाठी आलेला एक जण उभा होता, त्यानंही टोपी काढली. त्याला काय चाललंय ते माहीत नव्हतं.

पण पेच सुटला नव्हता, उलट पक्का झाला. पदकावर ल, पेन्शनच्या पुस्तकात ल, दिल्लीतही लष्कराच्या नोंदीबरहुकूम तेच. पुरावा मागायला गेलो आणि सगळे पुरावे चुकीच्या बाजूनं उभे. ग्रामसेवकांना दाखवलं तर तेही हसले. "आता तर दगडच बरोबर ठरला की हो."

ळ सापडला तो शाळेत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. जातीच्या दाखल्यासाठी मी लोकांना कायम तिथं पाठवतो, "आजोबाचा दाखला आणा" म्हणून. आपल्यासाठी कधी डोक्यात आलं नाही. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. १९५६च्या जुलैची नोंद. त्या जुलैत विदर्भ अजून मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात गेला. नव्या पिढीला हे सांगितलं तर खोटं वाटतं. निळ्या-काळ्या शाईतली बोरूची अक्षरं, कुण्या गुरुजींनी आखून घेतलेल्या ओळींवर बसवलेली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि शेवटी ळे. दोन गोल असे भरदार काढलेले की तेवढ्यासाठी गुरुजींना एक मार्क जास्त द्यावा. पुढच्या रकान्यांत वर्तणूक 'बरी', आणि शाळा सोडल्याचं कारण 'गुरे राखणे'.

बाबा त्यावर रागावले. "गुरं मी राखत होतो. थो शायेतून पयून जाये."

यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी सप्टेंबरमध्ये गेलो. तिथल्या माणसांनी चांगलं वागवलं. आजीच्या पेन्शनची जुनी नोंद निघाली, त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे पाठवला. मधे पितृपक्ष आला. आमच्याकडे मोठेबाबांचं पित्तर चतुर्दशीला जेवू घालतात. शस्त्रानं गेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला करायचं, मग तो कोणत्याही तिथीला गेलेला असो. वर्षाची पुण्यतिथी मात्र आम्ही पौषात करायचो, कारण तार पौषात आली होती. २१ डिसेंबर १९७१. पोस्टमन दारव्ह्याहून सायकलवर आला, तार इंग्रजीत, शाळेतल्या गुरुजींनी वाचली. गुरुजींनी पूर्ण वाचली की पहिल्या ओळीवरच थांबले ते आता कोण सांगणार. घरात सगळे धरून चालले की तार आली तोच ते गेल्याचा दिवस.

बेळगावचं पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. एकच पान. नंबर, हुद्दा, भरतीची तारीख १९६९मधली, पलटण. 'शहीद' हा शब्द त्यात कुठंही नव्हता. लष्कराच्या कागदात तो नसतोच, तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं. चौकाचौकातल्या बॅनरांवर तो शब्द वाचून वाचून मला त्याचा थोडा कंटाळाच आला होता, त्यामुळे ते कोरडं पान मला जास्त खरं वाटलं. खाली तारीख होती, ९ डिसेंबर १९७१.

मी बाबांना तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मला वाटलं पुण्यतिथी चुकली म्हणून वाईट वाटलं असेल. जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाले, "सोय्या तारखेले ढाका पडलं ना?"

हो म्हटलं. १६ डिसेंबर, त्र्याण्णव हजार पाकिस्तानी शरण आले.

"पाटलाच्या रेडूवर बातमी आली. मंग चावडीपुढं फटाके उडवले. दिवाळीतल्या उरलेल्या लवंग्या होत्या माह्याजवय. सगया उडवल्या मी. आन् पोट्टे म्हणत, तुह्या भावानं जिकलं. मायनं गूळ वाटला." जरा थांबून म्हणाले, "आठ दिवस होऊन गेल्ते त्याले."

५२ वर्षं त्यांना हे माहीत नव्हतं. आणि ते माझ्यामुळे कळलं, एका अक्षरासाठी. त्या रात्री मला वाटलं, दगड होता तसा राहू दिला असता तर काय बिघडलं असतं.

तिथीचा प्रश्न होताच. ९ डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष वद्य, आम्ही करायचो पौष शुद्ध. बायको म्हणाली, भटजींना विचारून बदलून घेऊ. बाबा म्हणाले नाही. "पौषातला दिवस बुढीचा होय. तिच्यासाठी थो त्या दिवशी मेला. थे राहू दे." त्यामुळे पौषातलं तसंच आहे. ९ डिसेंबरला ते सकाळी उठून आंघोळ करतात आणि कोणाला काही न सांगता वावरात निघून जातात. यावर आम्ही बोलत नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला. सालासाठी बेळगावचं पत्र, ळ साठी शाळेचा उतारा. एकानं विचारलं, "लष्कराचं रेकॉर्ड मोठं का शाळेचं?" ग्रामसेवक म्हणाले, "गावच्या दगडावर गावच्या शाळेचं." हे त्यांना आयत्या वेळी सुचलं की आधीच ठरवून आले होते कोण जाणे, पण त्यावर कोणी बोललं नाही.

दगडवाल्याकडे मी आणि बाबा दोघं गेलो. तो म्हणाला, "साहेब, ल चा ळ होत नाही. खोदलेलं भरता येते, पण उन्हात डाग दिसते." तुकडा चिकटवायचा पर्यायही होता, नावापुरती पट्टी. बाबांनी मान हलवली, "ठिगय नोको." शेवटी दगडाचं पूर्ण तोंड घासून काढायचं ठरलं. त्यांचं काम असं चालतं. मजकूर कॉम्प्युटरवर टाकून स्टिकर कापायचा, दगडावर चिकटवायचा आणि कॉम्प्रेसरनं वाळूचा मारा करायचा. जिथं स्टिकर कापलेला तिथं दगड खोदला जातो, मग सोनेरी रंग. दोन दिवसांनी त्यानं स्टिकरचा नमुना दाखवला. त्याच्याकडचा फाँट हिंदीचा. ळ च्या जागी ल आणि ल खाली एक टिंब.

बाबांनी खिशातून शाळेच्या उताऱ्याची झेरॉक्स काढली. दगडवाल्यानं ती पाहिली, काही बोलला नाही. स्टिकरचा कोरा तुकडा घेतला, पेन्सिलीनं दोन गोल काढले, पुसले, परत काढले, पट्टी न लावता कटरनं कापले. म्हणाला, "वडील मूर्ती घडवत, मी मशीनवालाच. पन येवढं येते." त्यामुळे आमच्या फलकावरची बाकीची अक्षरं मशीनची आहेत आणि तो एक ळ हाताचा आहे. इतरांपेक्षा जरा मोठा झाला आहे. माहीत नसलेल्याला कळणार नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, ७ मार्च २०२४ला दगड पुन्हा बसवला. या वेळी मंडप नव्हता. शाळेची पोरं मधल्या सुट्टीत गोळा झाली होती, सरपंच, ग्रामसेवक, लाडखेडकडून सुभेदार आले होते, छातीवर पदकं लावून. सरपंच म्हणाले, "काका, तुमीच वाचून दाखवा."

बाबांनी या वेळी चष्मा आणला होता. पोरांसारखं एकेका अक्षराखाली बोट ठेवत मोठ्यानं वाचलं. हुद्दा. नाव. बापाचं नाव. मग बोट त्या मोठ्या ळ वर आलं, त्याच्या दोन्ही गोलांवरून फिरलं, आणि बाबांनी आडनाव वाचलं ते '-ये' असं.

आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, पोळ्याला पोया. आजी त्याच आडनावानं मोठेबाबांना हाका मारायची, मास्तर त्याच आडनावानं ओरडायचे, ते स्वतः बैलाला ढवयाच लिहायचे. जमलेल्यांत कोणाला काही वेगळं वाटलं नाही. ग्रामसेवक तेवढे साताऱ्याकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

सुभेदारांनी सॅल्यूट केला. पोरं वर्गात पळाली. बाबांनी बोटाला रंग लागला का ते पाहिलं. या वेळी वाळलेला होता.

"थे शाल कोठी हाय?" त्यांनी मला विचारलं.

केंद्राच्या कपाटात होती, प्रिंटरच्या कागदांवर, ऑगस्टपासून. आणून दिली. मार्चचं ऊन डोक्यावर होतं. त्यांनी घडी मोडली, शाल खांद्यावरून घेतली आणि तशीच पांघरून घरापर्यंत चालत गेले.